लांबून वाचायची मृणाल

ड्रायव्हिंग स्कूलवर नवी पाटी चढली त्या दिवसापासून श्रीरंगला आपली बायको फक्त रस्त्यापलीकडूनच दिसू लागली. जवळ गेलं की तिचे नुसते अर्धगोल आणि सरळ रेघा उरायच्या.

स्कूल मृणालचं, पाटीवर नावही तिचंच. अक्षरं मात्र श्रीरंगबरोबर शिकलेल्या कौस्तुभची. श्रीरंगही अक्षरंच घडवायचा म्हणा, पण शाळेच्या पुस्तकातली, बारकी, नाकाशी धरून वाचायची. त्यांचं कौतुक कोण करणार? कौस्तुभचा फॉन्ट पडला उद्याच्या जगातला. कंपासची वर्तुळं, पट्टीच्या रेघा, माथ्यावरची शिरोरेघसुद्धा उडवलेली, आणि सगळं पिवळंधमक. अर्धी सांगली त्या पाटीखाली फोटो काढून गेली. श्रीरंगच्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून. आणि आता घरातही ही तऱ्हा.

घर स्कूलच्या वरच. पोळी वाढायला मृणाल यायची ती एक पिवळी कमान होऊन. तिच्यात हसू कुठे, कपाळ कुठे, काही पत्ता लागायचा नाही.

"मीठ कमी झालंय का?" कमान विचारायची.

"तू नक्की कुठे आहेस?"

"इथेच की. तुझ्या शेजारी."

मग तो ताट तसंच टाकून रस्ता ओलांडायचा. समोरच्या सायकलच्या दुकानाच्या पायरीवर उभं राहिलं की मृणाल खिडकीत अख्खी दिसायची, भुवईवरच्या व्रणासकट. पण तिथे त्याच्या आधीच चारपाच जण उभे. रिक्षावाले, कॉलेजची पोरं, फुटाणे खाणारा एक तलाठी.

"वहिनी काय सुरेख दिसतात हो," तलाठी म्हणायचा.

श्रीरंगच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. येणाऱ्याजाणाऱ्याला बायको दिसावी आणि ज्याने इतकी वर्षं संसार केला त्याने तिला चाचपडत बसावं, हा कुठला न्याय?

शेवटी अभिमान गिळून तो कौस्तुभकडे गेला.

"तिला लहान करून दे. जवळून वाचता येईल एवढी."

"हा फॉन्ट मोठाच वापरायचा, श्रीरंगा," कौस्तुभ म्हणाला. "बारीक केला की अक्षरं बुजतात. ती उरणारच नाही."

"मग मलाही पाटीतच घे. तिला लागून."

"अंतर किती ठेवू?"

"अजिबात नको."

कौस्तुभने शिडी लावली, स्क्रू पिळले. श्रीरंगचे गुडघे सरळ झाले, पोट सुबक गोल झालं. त्याला बरंसुद्धा वाटलं. डावीकडे मृणाल, अगदी खेटून. त्याने निरखून पाहिलं. एक पिवळा उतार वर चढत होता आणि संपतच नव्हता. तिचा खांदा की गाल, काही कळेना.

"मृणाल?"

"हं. आलास?"

आवाज नक्की कुठून आला, तेही कळलं नाही. खाली कौस्तुभने शिडी खांद्यावर टाकली, रस्ता ओलांडला आणि लोकांना बाजूला सारून पायरीवर जागा केली. मग वळून त्याने पाटी वाचायला घेतली. मृणालपाशी त्याची नजर थांबली. श्रीरंग वाट बघत राहिला, पण ती नजर पुढे सरकेना.