गाळ सोडला त्या दिवशी

धरणावर त्याचा हुद्दा गेट ऑपरेटरचा, पण सगळे त्याला गाळसाहेब म्हणत. चिडवायलाच म्हणत, पण त्यालाही ते आवडायचं, खोटं कशाला बोला. नदी वर्षभर माती आणून जलाशयात टाकते. ती काढली नाही तर पाण्याची जागा गाळ घेतो, आणि वाळू वीजघरातल्या यंत्रांत शिरून त्यांची पाती खाते. म्हणून वर्षातून एकदा पाणी खाली उतरवायचं, तळाचे दरवाजे उघडायचे आणि साठलेला गाळ नदीतून सोडून द्यायचा. बावीस वर्षं हे काम त्याच्या हातात होतं आणि कुणाला बोट दाखवायला त्याने जागा ठेवली नव्हती.

आता हे गाळाचं पाणी म्हणजे नुसतं गढूळ पाणी नव्हे. त्यात मासे गुदमरतात. खालच्या काठावर ज्यांचे माशांचे तलाव होते, त्यांना आदल्या दिवशी फोन जायचा, की नदीकडचं दार दोन दिवस बंद ठेवा. एकतीस जणांची यादी होती. खरं तर तलाव बत्तीस. बत्तिसावा त्याच्या धाकट्या बहिणीचा, आणि ते नाव त्यानेच पहिल्या वर्षी खोडलं होतं. सख्ख्या बहिणीला काय ऑफिसातल्या कारकुनाने कळवायचं? तिला मी सांगेन की. दरवर्षी सांगायचाही, वर तासभर गप्पा हाणायचा. पलीकडून मेहुण्याचा आवाज यायचा, "तारीख विचार आणि ठेव आता, माणसं जेवायची थांबलीत."

यंदा वरून पाणी लवकर आलं आणि धरणावरच्या मोठ्या साहेबांनी चार दिवस आधीच दरवाजे उघडायचं ठरवलं. कारकुनाने एकतीस फोन केले. गाळसाहेब दिवसभर एका दरवाजात अडकलेलं झाडाचं खोड काढत होता. संध्याकाळी घरी गेला, चार घास खाल्ले आणि आडवा झाला. बहीण डोक्यातून पार उतरली.

सकाळी आठला दरवाजे उघडले. सगळं सुरळीत झालं, साहेबांनी पाठ थोपटली. तिथून बहिणीच्या तलावापर्यंत गाळ पोचायला चार तास लागतात, हे त्याच्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं. सव्वाअकराला बाटलीत पाण्याचा नमुना भरताना त्याला ती आठवली. हातात पाऊण तास होता, आणि तलावाचं दार खाली करायला दहा मिनिटं पुरतात.

त्याने फोन काढला, तिचा नंबर समोर आणला. आणि माणसाचं मन किती नालायक असतं बघा. आत्ता फोन केला तर विसरलो हे कबूल करावं लागणार. मेहुणा जन्मभर टोमणे मारणार, गाळसाहेबाला गाळच आठवला नाही म्हणून. शिवाय तिच्या शेजारच्याला फोन गेलाय, त्याने सांगितलं असेलच. एवढी समजूत त्याला पुरली. फोन खिशात गेला.

शेजाऱ्याने काही सांगितलं नव्हतं. त्याला वाटलं, हिचा भाऊच धरणावर, हिला आपण काय शहाणपण शिकवायचं?

तिसऱ्या दिवशी चौकशीला अधिकारी आला आणि बहिणीच्याच घरात टेबलावर कागद मांडून बसला; गाळसाहेबालाही त्याने तिथेच बोलावून घेतलं होतं. बाहेर काठावर मेलेल्या माशांचे ढीग होते, वास घरात भरला होता. मेहुण्याने दोन वर्षं जीव लावून वाढवलेले मासे. अधिकाऱ्याचा प्रश्न एकच होता, आधी कळवलं होतं की नाही? नसेल, तर गाळसाहेबाची नोकरी गेलीच म्हणून समजा. असेल, तर चूक तलाववाल्याची.

"नाही कळवलं," मेहुणा म्हणाला. "दरवर्षी हे स्वतः फोन करतात. यंदा आला नाही."

"आला होता," बहीण म्हणाली. "आदल्या दिवशी दुपारी. दादाने सांगितलं होतं, मीच विसरले."

मेहुणा तिच्याकडे बघतच राहिला. अधिकाऱ्याने गाळसाहेबाला विचारलं, "केला होता फोन?"

"केला होता."

आवाज आपलाच का, हे त्याचं त्याला कळेना. अधिकाऱ्यालाही उरकायचंच होतं. त्याने लिहून घेतलं, सह्या घेतल्या. मग मेहुण्याने गाळसाहेबापुढे हात जोडले. "दादा, उगाच तुमच्यावर आळ घेतला. मनात ठेवू नका." त्यापेक्षा त्याने थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. लाजेने गाळसाहेबाला मान वर करवेना.

बहीण काठावर जाऊन मेलेले मासे टोपलीत भरू लागली होती. तो तिच्या मागे गेला.

"असं का बोललीस?"

"मग काय तुझी नोकरी घालवू? मासे काय, पुन्हा वाढतील." तिने वर पाहिलंही नाही. "शाळेत मी डबा विसरले की तू तुझा मला द्यायचास. कधी बोलून दाखवलंस? विसरलास, एवढंच ना?"

नुसतं हो म्हणायचं होतं. विषय कायमचा मिटला असता.

"नाही," तो म्हणाला. "आठवलं होतं. गाळ पोचायच्या आधी. फोन हातात होता माझ्या. भाऊजी हसतील म्हणून केला नाही."

तिचे हात थांबले.

"किती वेळ होता?"

"पाऊण तास."

"मी तलावाच्या दारापाशीच होते," ती म्हणाली. "कपडे वाळत घालत होते."

टोपली बाजूला सरकवून ती उभी राहिली.

"विसरभोळ्या भावासाठी मी नवऱ्याशी खोटं बोलले. त्याचे मासे मारल्याचं पाप डोक्यावर घेतलं. तुझ्यासाठी घेतलं नसतं."

तो घरात परत आला. अधिकारी कागद पिशवीत घालून निघाला होता आणि मेहुणा त्याला सोडायला उठला होता.

"साहेब, जरा बसा," गाळसाहेब म्हणाला. "भाऊजी, तुम्हीही बसा."