एक जूनची माणसं

आमच्या राळेगावच्या शाळेत गुरुजींनी दाखल्यावर सगळ्या पोरांचा जन्म एक जूनला लावून टाकला होता. आई म्हणते, मी कापूस वेचणीत झाले. पण दाखल्यापुढे आईचं कोण ऐकतं? २००६च्या एक जूनला मी, मैत्रेयी, कागदावर अठराची झाले आणि त्याच सकाळी सिकलसेलनं हाडं ठेचायला घेतली. रक्त चढवायचं होतं.

यवतमाळच्या दवाखान्यात बालविभागाच्या कारकुनानं दाखला पाहिला. "आता तू मोठी झाली. त्या बाजूले जा."

त्या बाजूच्या कारकुनानं विचारलं, "आजार कधीपासून?"

"जन्मापासून," आई म्हणाली. माझ्या वतीनं नेहमी तीच बोलायची.

"मंग हा लहान पोरायचा आजार झाला. इथं नाही चालत."

दोघे बोळात भेटले, चहा प्याले आणि तोडगा काढला: मुलगी इकडे, आजार तिकडे. माझी खाट दोन विभागांच्या मधल्या दारात लावली. डोकं मोठ्यांत, पाय लहानांत. रक्ताची पिशवी कुणी टांगायची यावर पुन्हा चहा आला. मला हसू येत होतं, पण हसलं की बरगड्या कळवळायच्या, म्हणून मी चिडले.

"ममता सिस्टरले बोलवा!"

बारा वर्षं माझी शीर फक्त त्यांनाच सापडायची. बाकीचे चार ठिकाणी टोचून हात टेकायचे.

सिस्टर निरोपसमारंभातून उठून आल्या त्या घरच्या साडीत, हातात निरोपाचा नारळ. "मी काल रिटायर झाली, बाई. माह्या गुरुजीनंही एक जूनच लिवला होता. आता मले सुई धरता येत नाही."

मला रडू फुटलं. नवी सिस्टर गझाला सुई घेऊन माझ्या हातावर शीर शोधत होती.

"तिची शीर..." आई म्हणाली आणि अडखळली. सुई टोचताना ती कायम भिंतीकडे पाहायची. मी मात्र बारा वर्षं ममता सिस्टरचा अंगठा पाहत आले होते.

"डाव्या मनगटाच्या जराशी वर," मी डोळे पुसले. "दिसत नाही ते. बोटानं दाबून पाहा. घाई नका करू."

पहिल्याच टोचणीत शीर सापडली.

"आता खाट आत घ्या," ममता सिस्टर कारकुनांवर खेकसल्या.

"कोणत्या आत?"

दोघांनी सवयीनं आईकडे पाहिलं.

"मले काहून विचारता?" आई म्हणाली. "तिले विचारा."