भिमाजीच्या मागं

भिमाजी गेला तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा होता. बोरी बुद्रुकच्या मळ्यात कांद्याला पाणी देता देता छातीत कळ आली म्हणून बांधावर बसला, तो उठलाच नाही.

दहाव्याला नारायणगावचे डॉक्टर आले होते. त्यांनी थोरल्या भावाला, कुंडलिकला बाजूला घेतलं. "वडीलही असेच गेले ना तुमचे? रक्त तपासून घ्या."

कुंडलिकचं कोलेस्टेरॉल दोनशे नव्वद निघालं. डॉक्टरांनी गोळी दिली. "नुसत्या गोळीवर भागायचं नाही. तेल-तूप, फरसाण, मटण कमी करा. रोज पाऊण तास भरभर चाला."

"दिवसभर रानातच असतो की मी."

"रानात तुम्ही मोटरसायकलवर जाता."

घरी त्यानं आईला काही सांगितलं नाही. पण तुकाबाईनं नेहमीसारखी भाकरीवर तुपाची धार धरली, तसा त्यानं ताटावर हात आडवा धरला.

"का रं?"

त्याची बायको शीला हळूच म्हणाली, "आत्याबाई, डॉक्टरनं बंद केलंय. भावजींसारखं व्हईल म्हनून."

तुकाबाईच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. "म्हंजी मीच मारला त्याला. धाकला म्हनून त्याला लई वाढायची मी."

त्या दिवसापासून ती चुलीपाशी गेली नाही. जेवणही सोडल्यासारखंच. आठवड्यानं कुंडलिक तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला.

"आजी, हे रक्तातनं आलंय. तुमच्या मालकांकडनं पोरांत."

"माझ्या तुपानं भर पडली का?"

"थोडी पडली असेल. पण वेळेवर तपासलं असतं तर कदाचित वाचला असता. ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्याही."

दुसऱ्या दिवशी तुकाबाईनं मटकीची उसळ केली, सगळ्या घराला मिळून दोन चमचे तेलात.

कुंडलिक पहाटे चालू लागला. पहिले काही दिवस जरा दम लागला की भीती वाटायची. रस्त्याकडेच्या दगडावर बसून तो छातीवर हात ठेवायचा. मग हळूहळू कुकडी नदीच्या पुलापर्यंत न थांबता जाऊ लागला.

चार महिन्यांनी आकडा एकशे नव्वदवर आला. गोळी चालूच राहणार होती. त्यानं आईला सांगितलं. तिला आनंद झालेला दिसला नाही.

"भिमाजीच्या पोरीचं रक्त तपासलं का?"

कुणाला सुचलंच नव्हतं. स्नेहल एकोणीस वर्षांची, काडीसारखी. तिचं दोनशे साठ निघालं.

दवाखान्याच्या बाकावर ती रडू लागली. "नाना, माझंपन पप्पांसारखंच व्हनार का?"

"न्हाई," कुंडलिक म्हणाला. "त्याला कुनी सांगितलंच नव्हतं, बाळा. तुला सांगितलंय."

दुसऱ्या दिवसापासून ती त्याच्याबरोबर चालायला येऊ लागली. सुरुवातीला तिला दम लागला की दोघंही रस्त्याकडेच्या त्याच दगडावर बसत.