कडब्यावर आलेला माणूस

कुंडलिकआप्पांच्या गोष्टींतलं घर दरवर्षी वाढत असे. त्यांचा मुलगा अभिमन्यू दुसरीत होता तेव्हा ते तीन खणांचं होतं. तो चौथीत गेला तेव्हा पाच खणांचं झालं. अभिमन्यूचं लग्न होऊन त्याला मुलगी झाली, पायल, तोवर घराला माडी आली होती. आणि पायल शाळेत जाऊ लागली तेव्हा दारात हत्ती होता.

"खण म्हणजे काय हो आप्पा?" पायलनं लहानपणी विचारलं होतं.

"दोन तुळयांच्या मधली जागा. एका खणात दोन खाटा मावत्यात."

"आणि आपल्या सात खणांत?"

"सोलापूरची मंगळवार पेठ मावंल. वर थोडी जागा उरंल, तितं हत्ती."

ते घर बघायला जाता येत नव्हतं, ही त्या घराची मोठीच सोय होती. भीमेच्या काठचं चिंचोरे गाव उजनी धरणाच्या पाण्यात गेलं त्याला पंचेचाळीस वर्षं झाली होती. पाण्याखालचे खण कोण मोजणार? तसंच त्या गावच्या मरळ माशाचं. तो आधी हाताएवढा होता, मग वासराएवढा झाला आणि शेवटी त्यानं आप्पांना पाठीवर घेऊन नदीपार नेलं.

अभिमन्यू प्राथमिक शाळेत शिक्षक होता. वीस वर्षं वर्गात उभं राहून त्याचे डोळे आणि कान दोन्ही तयार झाले होते. गणित कुणी सोडवलं आणि कुणी शेजाऱ्याचं उतरवलं, हे तो वहीला हात न लावता सांगायचा. वडिलांच्या गोष्टींवर तो लहानपणी पोट धरून हसला होता. नंतर नुसता ऐकू लागला, आणि पुढे पुढे ऐकेनासा झाला.

या मे महिन्यात मात्र त्याला ऐकावं लागलं. पायलची सरकारी नोकरीसाठी निवड झाली होती, धरणग्रस्तांसाठी राखलेल्या जागेवर. सोमवारपर्यंत दाखला द्यायचा होता. त्यासाठी घर बुडालेल्यांच्या जुन्या वहीत कुटुंबाचं नाव सापडायला हवं होतं आणि खाली अभिमन्यूनं प्रतिज्ञापत्रावर सही करायची होती: माझे वडील चिंचोरे गावचे. हे खोटं निघालं तर पायलची निवड तर जाणारच होती, शिवाय पुढच्या परीक्षांची दारंही बंद होणार होती.

"आप्पा, घराचा काही कागद आहे?"

"हुता. पेटीत. मरळीनं खाल्ला."

"आप्पा!"

"बरं, वाळवीनं खाल्ला. तुला वाळवी आवडत आसंल तर वाळवी."

अभिमन्यू एकटाच पुनर्वसन कार्यालयात गेला. तिथल्या साबेरा मॅडमनी चिंचोऱ्याची जाडजूड वही काढून दिली. पुढच्या पानांवर घरमालकांची नावं अक्षरांप्रमाणे लावलेली होती. वडिलांचं पूर्ण नाव कुंडलिक सयाजी, म्हणजे घर आजोबांच्या, सयाजींच्या नावावर असणार. त्यानं 'स'चं पान काढून बोट फिरवलं. सखाराम होता, सदाशिव होता, सोपान तर दोन होते. सयाजी नव्हता. त्यानं पुन्हा वरून खाली बोट फिरवलं.

"दुसरं कुठलं नाव बघायचंय का?" मॅडमनी विचारलं.

"नाही," अभिमन्यू म्हणाला.

परतताना बसमध्ये त्याला एकेक गोष्ट आठवत गेली. त्याच्या लग्नात चिंचोऱ्याचं एकही माणूस आलं नव्हतं. ना चुलता, ना आत्या. आजीला तर त्यानं पाहिलंच नव्हतं. आप्पा तिला नुसतं 'माय' म्हणत. धरणाच्या कामावर तेव्हा कुठून कुठून मजूर आले होते, हे त्यानं ऐकलं होतं. त्यांतलाच एखादा तरणा मजूर बुडणाऱ्या गावच्या गोष्टी ऐकत बसला असेल, आणि पुढे त्याच आपल्या म्हणून सांगू लागला असेल. उतरवलेलं गणित!

घरी आल्यावर त्यानं पायलसमोरच विचारलं. "वहीत सयाजी नाव नाही, आप्पा."

आप्पा शेंगा फोडत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "कसं घावंल? त्यो गावात कवा आलाच न्हाय."

"म्हणजे? आजोबा चिंचोऱ्याचे नव्हते?"

"न्हवतं."

"मग तुम्ही?"

"मी नदीतनं आलो की. कितींदा सांगितलंय! तीन वर्साचा हुतो. पूर आल्ता. कडब्याच्या गंजीवर बसून आलो, शेजारी एक कोंबडी. गोजरबाई काठावर उभी हुती, तिनं—"

अभिमन्यूनं टेबलावर थाप मारली. शेंगांची टरफलं उडाली. "पुरे! पोरीची नोकरी आहे ही. उद्या खोट्यावर सही केली तर तिचं आयुष्य जाईल. एकदा, फक्त एकदा, सरळ सांगा."

आप्पांनी त्याच्याकडे पाहिलं. मग टरफलं एकेक करून गोळा केली आणि उठून आत गेले. कधीही गप्प न बसणारा माणूस गप्प बसला, याचाच अभिमन्यूला जास्त संशय आला.

"बाबा, तुम्ही त्यांना चोर ठरवलंत," पायल म्हणाली.

"मी काही ठरवलेलं नाही. मी तपासतोय."

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. "चला," अभिमन्यू वडिलांना म्हणाला. "यंदा पाणी पार खाली उतरलंय. मला गाव दाखवा." आप्पांनी टोपी घातली. टेंभुर्णीपर्यंत एसटी, पुढे रिक्षा. मोडनिंबला आप्पांनी खिडकीतून पेरू घेतले आणि एक त्याच्यापुढे धरला. त्यानं घेतला नाही.

धरणाचं पाणी लांब आत गेलं होतं. उघड्या पडलेल्या गाळात माणसांनी कलिंगडं लावली होती. दर उन्हाळ्यात लावतात, गाळपेर म्हणतात तिला. चिंचोऱ्याचं म्हणावं असं काहीच दिसत नव्हतं. मारुतीच्या पाराचे चार दगड आणि एका विहिरीचा काठ, बस्स. अभिमन्यू मागे राहून बघत होता. आप्पा पाराजवळ गेले, थांबले, डावीकडे चालू लागले, परत आले, मग उजवीकडे गेले. ज्याला घर माहीत असतं तो असा चुकतो का?

कलिंगडाच्या वेलांतून एक म्हातारा काठी टेकत आला. "कोन पायजे?"

"मी हितलाच," आप्पा म्हणाले.

"हितला? मी बाळासो. वरच्या आळीचा. तुमाला वळखलं न्हाय."

म्हाताऱ्यानं कपाळावर हात धरून आप्पांना खालून वर न्याहाळलं. हळूहळू त्याचं दात नसलेलं तोंड उघडत गेलं.

"आरं, तू कडब्या न्हवं का? गोजरबाईचा कडब्या!"

"व्हय की रं बाळ्या," आप्पा म्हणाले.

दोघं पाराच्या दगडावर टेकले. बाळासो अभिमन्यूला सांगू लागला. "सारं गाव कडब्याच म्हनायचं याला. पुरात कडब्याच्या गंजीवर बसून आलं बेनं. आमचा बा सांगायचा. कोन कुठलं, काय म्हाईत न्हाय. नाव इचारलं तर कुंडलिक, बाचं नाव सयाजी, एवढंच बोललं. गोजरबाईला मूलबाळ न्हवतं, मालक गेलेला. तिनं ठिवून घेतलं. आन शेजारी दोन कोंबड्या—"

"एकच," आप्पा म्हणाले.

"दोन हुत्या रं. बा सांगायचा."

"एकच हुती. तांबडी. तुझा बा गंजीवर हुता का मी?"

अभिमन्यू चमकून वडिलांकडे बघत राहिला. आयुष्यभर तिनाचे सात खण करणारा माणूस एका कोंबडीसाठी भांडत होता, तेही कमी करायला.

मग त्याला आपला वर्ग आठवला. एका पोरानं सोमवारी सांगितलं होतं, वही कुत्र्यानं खाल्ली. बुधवारी दोन कुत्रे झाले आणि शुक्रवारी त्यांतला एक पिसाळला होता. आणि एकदा एक मुलगी म्हणाली होती, आई दवाखान्यात आहे. महिनाभर रोज तेच, तेवढंच. खरं होतं ते. आप्पांचं घर वाढलं, मरळ वाढली, हत्ती आला. पण गंजीची गोष्ट? तीन वर्षांचा मुलगा, कडब्याची गंज, एक कोंबडी आणि काठावर गोजरबाई. चाळीस वर्षं त्यात एक काडीसुद्धा वाढली नव्हती. आणि त्याच गोष्टीला तो सगळ्यांत जास्त हसला होता.

एसटीत बसल्यावर तो म्हणाला, "आप्पा, हे सरळ का नाही सांगितलंत कधी?"

"सांगितलं की. तूच हसायचास."

"आणि बाकीच्या गोष्टी?"

आप्पा खिडकीबाहेर बघत होते. "तू गंजीची गोष्ट ऐकून हसलास, मंग म्हटलं, हसणारं पोर हाय तर हसू द्यावं. आनखी चार सांगितल्या." त्यांनी पेरू काढला. या वेळी अभिमन्यूनं घेतला.

सोमवारी तिघं कार्यालयात गेले. अभिमन्यू म्हणाला, "मॅडम, 'ग'चं पान."

गोजरबाई होती. घर नंबर एकसष्ट. साबेरा मॅडमनी ते पान काढलं, पण वही त्यांच्याकडे फिरवली नाही. लाकडी पट्टी आडवी ठेवून त्यांनी नोंद झाकली. "रागावू नका. दुसऱ्याची नावं सांगून लोक येतात, म्हणून मी विचारते. माहिती आजोबांनीच द्यायची. तुम्ही मध्ये बोलायचं नाही, सर."

अभिमन्यूनं मान हलवली.

"घरात कोण कोण?"

"माय आन मी. तिनं मला पाळलेला."

मॅडमनी पट्टी जराशी खाली सरकवली, वाचलं. "भिंती?"

"मातीच्या."

"घर किती खणांचं होतं?"

आप्पांनी पायलकडे पाहिलं. ती बाकावर शेजारीच बसली होती, आणि सात खणांचं, माडीचं, हत्तीचं घर ऐकत लहानाची मोठी झाली होती. आप्पांचे ओठ हलले. अभिमन्यूला तो चेहरा ओळखीचा होता. गोष्ट सुरू करण्याआधी आप्पा असेच दिसायचे. सात म्हणणार. आत्ता म्हणतील. त्यानं डोळे मिटून घेतले.

"दोन," आप्पा म्हणाले.

पट्टी जागची हलली नाही. भिंतीवरचा पंखा कुरकुरत फिरत होता.

आप्पांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "दोन बी न्हाय, बाई. दीड. अर्ध्या खणावर छप्परच न्हवतं. तितं शेळी बांदायचो. पावसात ती आत यायची, मंग आमी तिगं एका खणात."

साबेरा मॅडमनी पट्टी उचलली आणि वही फिरवली. शाई तपकिरी पडली होती, पण अक्षर स्वच्छ होतं. गोजरबाई, विधवा. मातीचं घर, दीड खण. सोबत राहणारा: पाळलेला मुलगा कुंडलिक सयाजी, वय सव्वीस. खाली गोजरबाईचा अंगठा होता, लहानसा, शाईत जरा जास्तच बुडवलेला.

आप्पांनी त्या अंगठ्यावर आपलं बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मॅडमनीही घाई केली नाही. दुसरी एक फाईल त्या उगाच चाळत बसल्या.

अभिमन्यूनं प्रतिज्ञापत्र पुढं ओढलं. 'माझे वडील चिंचोरे गावचे' या ओळीखाली त्यानं आणखी एक ओळ लिहिली: त्यांना गोजरबाईंनी पुरातून काढून वाढवलं. मग सही केली.

"दाखला चारनंतर मिळेल," मॅडम म्हणाल्या.

तिघं जिना उतरू लागले. आप्पा कठड्याला धरून हळूहळू पायऱ्या उतरत होते. टोपी अजून हातातच होती. पायरीकडे बघत चालले होते, पायलकडे बघत नव्हते. दोन पायऱ्या मागे पायल, तिच्या मागे अभिमन्यू.

"आप्पा," पायल म्हणाली, "घर दीड खणाचं. मग हत्ती कुठं बांधायचात?"

आप्पा थांबले. त्यांनी टोपी घातली, नीट बसवली.

"भाईर," ते म्हणाले. "आत शेळी हुती न्हवं."

"किती हत्ती होते?" मागून अभिमन्यूनं विचारलं.