दुसऱ्या घराची डीव्हीडी

हर्षलचा फोन आला तेव्हा मी मळ्यात झेंडू तोडत होतो. निकिताच्या लग्नाचं शूटिंग त्यानेच केलेलं.

"काका, हार्डडिस्क भरली. तुळशीचं लग्न झालं की सीझन चालू, म्हणून जुनं उडवतोय. तुमच्यातलं काही पाहिजे का?"

पाहिजे होतं. निकिता माझी एकुलती लेक. तिच्या लग्नाची डीव्हीडी घरात होती, पण तिच्यात तिची आई कुठेच नव्हती. मैना सगळा वेळ मांडवामागे आचाऱ्याजवळ. पुढच्याच उन्हाळ्यात ती गेली. भिंतीवरचा फोटो मतदानाच्या कार्डावरून मोठा केलेला. बघितला की कुणी परकी बाई वाटते.

फुलं बाजारात उतरवली आणि तसाच पंचवटीत त्याच्या स्टुडिओत गेलो. न कापलेलं शूटिंग तो पुढे पळवत राहिला. कॅमेरा मांडवामागे गेला आणि मैना दिसली. पदर खोचलेला, हातात झारा.

"ए दाद्या, माझं काय काढून ऱ्हायला? नवरी तिकडं हे! आन् त्या आचाऱ्याला सांग, बुंदी करपून ऱ्हायली."

"हे आम्ही कापलं होतं," हर्षल म्हणाला. "तुमचे व्याही म्हणाले, चुलीजवळचं नको."

"हे सगळं शूटिंग टिकेल अशा सीडीवर घालून दे."

टेबलावरच्या सुट्या डीव्हीडींच्या थप्पीला त्याने हात लावला नाही. "या पाहुण्यांना वाटायला ठीक. दोन वर्षांत अडकायला लागतात." कपाटातून डबीतली चांगल्या कंपनीची काढली. "सोळाचा स्पीड दिला तर चहा येईस्तोवर होईल. पण मी चारवर टाकतो. घाईत लिहिलेलं कधीकधी मध्येच वाचता येत नाही."

"टाक चारवर. मला कुठं जायचंय?"

झाल्यावर त्याने ती लावून बघितली, मगच दुसरी घातली.

"दुसरी कशाला?"

"एक तुमच्या घरी, एक दुसऱ्या घरी. उंदीर लागला, पाणी शिरलं, तर दोन्ही एकदम जायला नकोत."

दुसरं घर कुठलं? वाटणी झाल्यापासून भाऊ बोलत नाही. येवल्याला मैनाच्या माहेरी आता कुलूप. राहिली निकिता. ते लग्न मोडलं तेव्हापासून ती पुण्यात एका खोलीत राहते, नोकरी करते. तिथूनच फोन लावला.

"बाबा, त्या लग्नाचं काही माझ्या खोलीत नको. कितीदा सांगू?"

"आई आहे गं त्यात."

"आणि मीही आहे ना. हिरवा चुडा घालून हसतेय. ते नाही बघायचं मला."

तिने फोन ठेवला. हर्षलने सगळं ऐकलं होतं. तो म्हणाला, "नुसतं मांडवामागचं वेगळं काढू का? फार नाहीये."

फार नव्हतंच. तेवढं एकटं एका अख्ख्या डीव्हीडीवर त्याने टाकलं, तेही चारच्याच स्पीडवर. मग आम्ही दोघांनी बघितलं. मैना रस्सा चाखते, घाम पुसते, कॅमेऱ्याकडे बघून हसते आणि लगेच पाठ करते. पुढे पाठच दिसते. बॉलपेनने वर लिहू नका म्हणून त्याने मार्कर दिला. मला अक्षरं उशिरा आली, अजून मोठी पडतात. 'मैना' एवढ्यातच जागा भरली.

संध्याकाळी पुन्हा फोन केला. "त्यात लग्न नाही. नुसती आई आणि कढया."

ती म्हणाली, "त्यात बोलते का?"

"बोलते की. आचाऱ्याला झापते."

ती हसली का रडली ते कळलं नाही.

"रविवारी येतेस न्यायला? मळ्यात मेथी आलीये."

"रविवारी नाही जमणार, बाबा. कुरिअर करा. कडक खोक्यात घाला फक्त."

"बरं."

मिठाईच्या खोक्यात वर्तमानपत्र दाबून पाठवली. काही दिवसांनी तिचाच फोन आला.

"पोचली. चालते."

"पूर्ण बघितलीस ना? पूर्ण बघायची असते."

"बघितली. शेजारच्या मुलीच्या कॉम्प्युटरवर. ती म्हणते, तुझी आई फार रागीट होती का?"

"तू काय सांगितलंस?"

"नाही म्हटलं." मागे कुणीतरी तिला हाक मारली. "ठेवते, बाबा."

फोन खाली ठेवून मी ओट्यावर बसलो. मेथी निवडायची होती, एकट्यापुरती.