उसवलेली बाहुली

सन चोपन्नमध्ये वर्ध्याच्या पुंडलिकराव फोटोग्राफरांनी एका विदेशी मासिकात तुटक्या बाहुल्यांचे फोटो पाहिले. त्यांनी बायको शकुंतलेच्या पेटीतली कापडी बाहुली काढली, हातपाय उसवून भलतीकडेच जोडले आणि तिचा फोटो काढला. ती बाहुली शकुंतलेच्या वारलेल्या आईने शिवली होती.

"बाईचं दुःख दाखवून राह्यलो मी," ते म्हणाले.

"कोन्या बाईचं? या घरात बाई मी एकटीच. मंग मले इचारलं काऊन नाई?" रागाने तिचा आवाज फाटला.

"बाहुलीच तं हाय. नवी आनून देतो."

तिने निगेटिव्हची काच फरशीवर आपटली. बाहुलीचे तुकडे पदरात बांधून ती समुद्रपूरला भावाकडे निघून गेली. पुंडलिकराव न्यायला आले, तेव्हा तिने दार उघडलं नाही.