परत करण्याची सात कारणं

बाजारात तिला कुणी नावाने हाक मारत नसे. नवरा स्मशानाचा रखवालदार आणि स्मशानाच्या फाटकाला लागून मिळालेलं दोन खोल्यांचं घर, म्हणून ती फाटकवाली. ज्या घरात बावीस वर्षं चूल पेटली, दोन लेकी वाढल्या, नांदायला गेल्या, त्याला घर म्हणायलाही लोकांची जीभ रेटत नसे. पण त्याच घरात, उजेडाच्या खिडकीपाशी तिचं शिलाई मशीन होतं, आणि सकाळची प्रार्थना झाली की ती तिथे बसून तान्ह्या बाळांची झबली शिवायची.

जाणत्याला तिचं झबलं हाताला लागताच कळे. मलमल तीनदा धुऊन, सावलीत वाळवून मगच ती कापायला घेई. बटण नाही, नुसते बंद. आणि शिवण बाहेरच्या अंगाला. “बाळाची कातडी म्हणजे दुधावरची साय,” ती म्हणायची. “दोऱ्याचा काच आतून कशाला? बाहेरून दिसायला वाईट दिसलं तर आपल्या डोळ्यांना दिसेल. त्याला तर टोचणार नाही!”

ही झबली विकायची बाळकपड्यांच्या दुकानाची मालकीण, साऱ्या पेठेची काकू. पण फाटकवालीकडून ती घ्यायची दुकानात नव्हे हं, दुकानाच्या पाठीमागे. मागचं दार वीतभर उघडायचं, टोपली बाहेर यायची, फाटकवालीने गठ्ठा टोपलीत ठेवायचा आणि काकूंनी ती पायाने आत ओढायची. हातातून हातात काही नाही. आठ वर्षं हाच शिरस्ता.

त्या दिवशी ती गठ्ठा घेऊन आली तर मागच्या दाराला कुलूप होतं. शिवाय तिच्या थोरल्या लेकीला मुलगी झाली होती, आणि नातीसाठी एक चांगलं दुपटं विकत घ्यावं असं तिच्या मनात होतं. विकत घेणारा पुढच्या दाराने येतो, असा हिशेब करून ती पुढून आत गेली.

गल्ल्यापाशी एक सासू आणि तिची दिवस भरत आलेली सून उभ्या होत्या. सुनेने एक झबलं गालाला लावलं होतं.

“आई, आत हात घालून बघा ना. एक शिवण लागत नाही! कोण शिवतं हो हे?”

काकूंची पापणी लवली नाही. “आमची एक म्हातारी आहे, डोंगरापलीकडच्या गावात. अगदी देवमाणूस.”

फाटकवाली जागच्या जागी थबकली. आपण म्हातारी कधी झालो आणि डोंगर कधी ओलांडला, तिला काही कळेना. बाजूच्या ढिगातलं एक पिवळं दुपटं तिने उचललं, आणि सासूची नजर तिच्यावर पडली.

“अगंबाई! ही त्या फाटकातली ना? इथे पोटुशी बाई उभी आहे, आणि ही खुशाल—” सासूने सुनेला दंडाला धरून मागे ओढलं.

“हात काढ आधी!” काकू कडाडल्या. “आता ते दुपटं मी कुणाला विकू? कितीदा सांगितलंय, मागून यायचं!”

“पुढून विकायला नाही आले, काकू. घ्यायला आले. थोरलीला मुलगी झालीय.”

“मग झाली तर झाली. दुसरीकडे बघ कुठे.”

सून अजून झबलं धरून उभी होती. सासूने ते तिच्या हातातून घेतलं, मायेने घडी घातली आणि म्हणाली, “चार द्या यातली. म्हाताऱ्या बाईच्या हातची आहेत, बाळाला आशीर्वाद लागेल.”

आता याला काय म्हणावं? हातांना विटाळ आणि हातच्या कामाला आशीर्वाद! फाटकवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिचा आवाज जन्मात कधी शेजारच्या खोलीत गेला नव्हता, तो त्या दिवशीही गेला नाही. काखेतला गठ्ठा तसाच घेऊन ती दुकानातून उतरली. घरी येऊन मशीनवर बसली आणि एकामागून एक दोन सुया मोडल्या.

संध्याकाळी नणंद आली. लहानपणी या घरचं त्या घरी पोचवायची म्हणून तिला सगळे टपाल म्हणत. पुढे नोकरीही लागली ती पार्सलांच्या गोदामात. सगळं ऐकून ती आधी हसली, मग लालबुंद झाली.

“आणि तू काय केलंस, वहिनी?”

“घरी आले.”

“डोंगर उतरून?” टपालने मोबाइल काढला. “बस. दुकान काढू तुझं. आमच्या गोदामातून दिवसाला हजार पार्सलं जातात, शिवणारी काळी की गोरी, कुणाच्या घरची, कुणी विचारत नाही. फोटो बघतात, माप बघतात, मागवतात.”

रखवालदार दारात बसून चप्पल झटकत होता. “धंदा माझ्यासारखा करा,” तो म्हणाला. “माझ्याकडे आलेला माल कुणी परत मागत नाही.”

“दादा, गप रे!”

खरेदी-विक्रीच्या ॲपवर दुकानाचं नाव टाकलं, झबल्यांचे फोटो टाकले. वर्णनात फाटकवालीने मुद्दाम लिहायला लावलं: शिवण बाहेरून आहे, ती चूक नव्हे, बाळासाठी आहे. पत्त्याच्या रकान्याशी टपाल अडली.

“पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता छापला जातो गं. माझा टाकू?”

“म्हणजे पुन्हा मी दुसऱ्याच्या घरात बसून शिवते म्हणायचं? आपला टाक.”

“वहिनी, स्मशान हा शब्द आहे त्यात.”

“मग? आपण राहतो कुठे?”

पहिली मागणी पाचव्या दिवशी आली. मग आठवड्याला दोन, मग रोज एखादी. पार्सल न्यायला येणारा माणूस पन्नाशीचा, घामाघूम. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, “बाई, मागून यायचं की पुढून?” ती म्हणाली, “घराला दारच एक आहे.” “बरं झालं,” म्हणून त्याने तिच्या हातातून पाकीट घेतलं. हातातून हातात. त्याला कीव नव्हती आणि किळसही नव्हती, त्याला फक्त घाई होती. ती त्याच्या पाठीकडे बघत कितीतरी वेळ उंबऱ्यात उभी राहिली. नातीसाठी पिवळं दुपटंही तिने ॲपवरूनच मागवलं. त्या दुकानाने तिला माप सोडून काही विचारलं नाही.

काकूंकडे ती पुन्हा गेली नाही. पाकिटावरचा पत्ता लोक वाचत नाहीत, पाकीट फाडतात आणि आतलं बघतात. दीड महिना असा सुखाने गेला.

मग एका बाईने एकदम सहा झबली मागवली. ती पोचली त्या दुपारी तिचा निरोप आला: “पाकिटावरचा पत्ता स्मशानाचा आहे. छापण्यात चूक झाली आहे का?”

फाटकवालीने एकेक अक्षर शोधून उत्तर लिहिलं: “चूक नाही. आम्ही तिथेच राहतो.”

तासाभरात सहाही झबली परत करण्याची मागणी आली. टपाल गोदामातून सुटून थेट धावत आली.

“तू हो म्हणालीस? अगं, गप्प तरी बसायचंस!”

“विचारलं तर काय सांगू?”

टपालने कपाळावर हात मारला. “हे बघ. परत करायचं तर ॲप कारण निवडायला लावतं. सातच कारणं आहेत. लहान आलं, मोठं आलं, रंग वेगळा, डाग, फाटकं, भलतीच वस्तू आली, नाहीतर शिलाई सदोष. हिने काय निवडलंय बघ.”

फाटकवालीने वाचलं. शिलाई सदोष. खाली बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: “सर्व कपडे उलटे शिवले आहेत.”

तिची कानशिलं गरम झाली. दुकानात हाकललं होतं तेव्हा इतकं लागलं नव्हतं. तिथे निदान खरं कारण तोंडावर मारलं होतं. इथे खरं कारण लिहायला जागा नव्हती म्हणून हिने तिच्या शिलाईवर खोटा आळ घेतला होता. चोर तो चोर, वर शिरजोर!

“नुसता राग धरून चालणार नाही,” टपाल म्हणाली. “नव्या दुकानाला तीन ‘सदोष’ लागले की ॲप दुकान बंद करतं. ही सहा आहेत. आज आपण मान्य केलं की संपलं. पुन्हा टोपली.”

“मग?”

“मी त्या बाईला फोन करते. सांगते, पत्ता चुकून पडला, झबली माझ्या घरी शिवली, माझं घर स्मशानापासून चार मैल. ती तक्रार मागे घेईल. एक खोटं, वहिनी. देव एवढा हिशेबी नाही.”

“देव नसेल,” फाटकवाली म्हणाली. “पण मी आहे. ती खोटं बोलली म्हणून मी दुसरं खोटं बोलायचं? आणि कशासाठी, तर तिला बरं वाटावं म्हणून? उद्या दुसरी विचारेल. मग तिसरी. किती डोंगर उभे करणार आहेस तू माझ्यासमोर?”

“दुकान जाईल.”

“जाऊ दे. शिलाई माझी आहे. तिला दोष लावलेला मी सोसणार नाही. हो, हिने सरळ लिहिलं असतं ना, ‘तुमच्या घराची किळस येते,’ तर मी सहाच्या सहा निमूट परत घेतली असती.”

रखवालदाराने आज विनोद केला नाही. तो उठला आणि बायकोसाठी पाण्याचा पेला आणून मशीनवर ठेवला.

ॲपने दुकानदाराचं म्हणणं मागितलं होतं. फाटकवालीने सांगितलं, टपालने लिहिलं. वर्णन वाचावं. शिवण बाहेर आहे असं आधीच सांगितलं आहे. झबलं आतून चाचपून बघावं. बंद ओढून बघावे, एक सुटला तर सगळी रक्कम परत. शेवटी टपाल म्हणाली, “खरं कारण लिहू का? तो निरोप जोडू?” फाटकवालीने मान हलवली. “नको. शिलाईचा प्रश्न आहे, शिलाईचंच उत्तर.”

तीन दिवस उत्तर नाही. तिने नेम मोडला नाही, सकाळी प्रार्थना, मग मशीन. पण हात जड झाले होते. दर वेळी मोबाइल वाजला की दोरा सुटायचा.

चौथ्या दिवशी दोन ओळी आल्या. वस्तू वर्णनाप्रमाणे आहे. परतीची मागणी नाकारली.

टपालने फोनवरूनच आरोळी ठोकली. फाटकवाली मात्र हसली नाही. तिला वाटलं, हे काय जिंकणं झालं? त्या यंत्राने तिची बाजू घेतली नव्हती. त्याच्या सात कारणांत तिच्या घराचं कारणच नव्हतं, एवढंच. ज्याला ना जीव ना जात ना देव, त्याच्या यादीत ती घाण बसली नाही. आणि देवळा-प्रार्थनेला जाणाऱ्या, लेकराबाळांच्या माणसांच्या डोक्यात मात्र ती पहिल्या क्रमांकावर! तिचा राग निवण्याऐवजी वाढला.

तिने मोबाइल घेतला आणि या वेळी स्वतःच, चष्मा लावून, वर्णनात एक ओळ घातली. संध्याकाळी टपालने ती वाचली.

“‘हे कपडे स्मशानाच्या फाटकालगतच्या घरात शिवले जातात. ज्यांना चालणार नाही त्यांनी मागवू नयेत.’ वहिनी! कुणी विचारलं होतं का तुला?”

“विचारतात ना. पाकीट फोडल्यावर विचारतात. आता आधीच वाचतील.”

“अर्धी गिऱ्हाइकं जातील.”

“जाऊ देत. उरतील त्यांना माझी शिवण उलटी दिसणार नाही.”

आणि गेलीच. अर्धी नव्हे, सगळी. चार दिवस, पाच दिवस, एक मागणी नाही. पार्सलवाला दारात डोकावून, “आज रजा?” असं विचारून जाई. टपाल येईना, आली तर बोलेना. फाटकवालीने धुवायची मलमल धुतली, वाळवली, घड्या घातल्या, आणि ती ओळ काढली नाही.

सहाव्या दिवशी दुपारी एक निरोप आला. “तुमचं वर्णन सगळं वाचलं. आमचं बाळ सातव्या महिन्यात झालं आहे. काचेच्या पेटीत आहे. डॉक्टर म्हणतात, मऊ कपडा घालता येईल, पण त्याच्या मापाचं कुठेच मिळत नाही. दुकानवाले म्हणतात, इतकं लहान कुणी ठेवत नाही. तुम्ही शिवाल का? माप कसं घ्यायचं तेही कळत नाही.”

फाटकवालीने दोनदा वाचलं. तिला माप विचारण्याची गरज नव्हती.

त्या फाटकातून अशी बाळं आत आलेली तिने पाहिली होती. ओंजळीएवढी, टॉवेलात, कधी नुसत्या कागदात गुंडाळलेली. बाप मान खाली घालून उभा. घालायला काही नसायचं, कारण तेवढं काही मिळतच नाही. तेव्हा ती आतून एक झबलं आणून द्यायची. पहिलं झबलं तिने त्यासाठीच शिवलं होतं, आणि सासवा, काका, मामा, सगळ्यांनी ते तिच्या हातातून घेतलं होतं. हातातून हातात. तेव्हा एकानेही विचारलं नव्हतं, हे कुठल्या घरात शिवलं.

आज पहिल्यांदाच ते माप कुणी जगणाऱ्या बाळासाठी मागितलं होतं.

तिने डोळे पुसले नाहीत, कारण ते कोरडेच होते. अंगात संताप होता आणि तो हातांत उतरला होता. कागद न घेता, करंगळी आणि अंगठा ताणून तिने मलमलीवर खूण केली, आणि कात्री उचलण्याआधी उत्तर लिहिलं:

“शिवते. पेटीत नळ्या असतील, म्हणून पुढून पूर्ण उघडणारं करते. बाळाला उचलावं लागणार नाही. परवा पाठवीन.”